सिरियस, स्नेप आणि विश्वासाची भानगड

हॅरी पॉटर म्हणजे पोराटोरांची जादूची गोष्ट, असं म्हणणारे लोक दोन प्रकारचे असतात. पहिले, ज्यांनी ती पुस्तकं हातातच घेतलेली नाहीत. दुसरे, ज्यांनी फक्त सिनेमे पाहिलेत. पहिल्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. हा लेख दुसऱ्यांसाठी, आणि अर्थातच त्या थोर मंडळींसाठी, ज्यांनी पीएलमध्ये अभ्यास सोडून सातच्या सात पुस्तकं फस्त केली आहेत. एक धोक्याची सूचना आधीच देऊन ठेवतो. पुढे सगळी रहस्यं फोडलेली आहेत. ज्यांना अजून वाचायचंय त्यांनी सरळ पान उलटून पुढची कविता वाचावी!

जे. के. रोलिंगची ही मालिका १९९७ ते २००७ या दहा वर्षांत आली. मराठीत पहिल्या पुस्तकाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असं झालं (फिलॉसॉफर्स स्टोनला 'परीस'! याहून चपखल शब्द शोधून सापडणार नाही). छड्या, उडते झाडू, ड्रॅगन हा सगळा थाटमाट बाजूला काढला तर या पुस्तकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. समोरच्या माणसावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? तो आवडतो म्हणून? पुरावा आहे म्हणून? की आपण ज्याला मानतो त्याचा त्याच्यावर विश्वास आहे म्हणून? तिन्ही उत्तरं पुस्तकात येतात आणि तिन्ही कधी ना कधी तोंडघशी पडतात.

मला यातली दोन माणसं घेऊन बोलायचंय. एक सिरियस ब्लॅक आणि दुसरा सेव्हरस स्नेप. दोघांबद्दल सगळ्या जगाचा गैरसमज झाला. आणि खरी शोकांतिका अशी की दोघांनीही एकमेकांना समजून घेण्याचा प्रयत्न कधीच केला नाही.

केस नंबर एक

तिसरं पुस्तक, 'प्रिझनर ऑफ अझ्काबान', १९९९ साली आलं. माझ्या मते सातांतलं हे सर्वांत बांधेसूद. यात व्होल्डेमॉर्ट समोर येत नाही, शेवटी मोठं युद्ध होत नाही, कुणी महत्त्वाचं मरतही नाही. तरी वाचून झाल्यावर जास्त अस्वस्थ करतं ते हेच, कारण यातला गुन्हा शत्रूंमध्ये घडलेला नाही. तो चार मित्रांमध्ये घडलाय.

प्रकरण थोडक्यात असं. हॅरीचे आईवडील, लिली आणि जेम्स, व्होल्डेमॉर्टपासून लपून राहत होते. त्यासाठी फिडेलियस नावाचा मंत्र वापरला. घराचा पत्ता एकाच जिवंत माणसाच्या मनात कोंडून ठेवायचा. त्याने स्वतःहून सांगितल्याशिवाय ते घर कुणालाही सापडणार नाही, अगदी खिडकीच्या काचेला नाक लावून उभं राहिलं तरी! हा माणूस म्हणजे सीक्रेट कीपर. आपल्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. बॅकअप नाही, लॉग नाही, काही नाही. डम्बलडोर स्वतः ही जबाबदारी घ्यायला तयार होते. तुमच्या जवळचंच कुणीतरी बातम्या फोडतंय, असा इशाराही त्यांनी दिला होता. पण जेम्सने हट्टाने आपल्या सर्वांत जवळच्या मित्राचं, सिरियसचं नाव पुढे केलं. मंत्र टाकल्याला जेमतेम आठवडा झाला आणि ३१ ऑक्टोबर १९८१ च्या रात्री जेम्स आणि लिली मारले गेले.

दुसऱ्याच दिवशी चौकडीतला आणखी एक मित्र, पीटर पेटिग्रू, भर रस्त्यात सिरियसला गाठून ओरडतो की तूच त्यांचा घात केलास. मग प्रचंड स्फोट. बारा साधी माणसं जागीच ठार. पीटरचं फक्त एक बोट सापडतं. आणि त्या खड्ड्याशेजारी सिरियस हसत उभा असतो. बास, केस क्लोज्ड! सिरियस अझ्काबानच्या तुरुंगात, पुढची बारा वर्षं.

प्रत्यक्षात काय घडलं होतं ते तुम्हाला माहीतच आहे. सिरियसने शेवटच्या क्षणी स्वतःच सुचवलं की माझ्याऐवजी पीटरला सीक्रेट कीपर करा. सगळ्यांना मीच वाटेन, व्होल्डेमॉर्ट माझ्या मागे लागेल आणि त्या बावळट पीटरकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. आयडिया झकास होती. फक्त पीटर आधीपासून वर्षभर व्होल्डेमॉर्टला सामील होता. रस्त्यातला स्फोट त्यानेच केला, स्वतःचं बोट स्वतः कापलं आणि उंदीर होऊन गटारात पळाला.

आता यातली एक गोष्ट वाचताना पटकन निसटते. ही अदलाबदल या लोकांनी कुणालाच सांगितली नाही. डम्बलडोरनाही नाही. त्यामुळे पुढे डम्बलडोरनी स्वतः मंत्रालयासमोर साक्ष दिली की सीक्रेट कीपर सिरियस होता. ते खोटं बोलले नाहीत. त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्याच प्रामाणिक साक्षीने एक निर्दोष माणूस आत गेला. चौथ्या पुस्तकात तर कळतं की सिरियसवर खटलासुद्धा चालला नव्हता. मिस्टर क्राउच नावाच्या बड्या अधिकाऱ्याने त्याला सरळ आत टाकलं.

सरकारचं सोडून द्या. सरकार कुठलंही असो, जादूचं किंवा बिनजादूचं, ते तसंच वागणार. प्रश्न चौथ्या मित्राचा आहे.

रीमस ल्यूपिनने विचारलं का नाही?

चौकडीतला चौथा म्हणजे रीमस ल्यूपिन. लहानपणी नरलांडग्याने चावल्यामुळे दर पौर्णिमेला त्याचा नरलांडगा होतो. शाळेत असताना हे कळल्यावर बाकीच्या तिघांनी त्याला टाकलं नाही. उलट जवळजवळ तीन वर्षं खपून, चोरून, ते प्राण्याचं रूप घ्यायला शिकले, कारण नरलांडगा माणसाला धोकादायक असतो, प्राण्याला नाही. पौर्णिमेच्या रात्री ल्यूपिन एकटा पडू नये एवढ्यासाठी! जेम्स हरिण, सिरियस काळा कुत्रा आणि पीटर उंदीर. पीटरला हे काही केल्या जमत नव्हतं. जेम्स आणि सिरियसने त्याला हाताला धरून शिकवलं.

इथे जरा थांबा. ज्या विद्येच्या जोरावर पीटर बारा वर्षं लपून राहिला, ती त्याला शिकवली कुणी? ज्यांचा त्याने घात केला त्यांनीच, आणि तीही एका मित्राची सोबत करता यावी म्हणून. त्याच विद्येने सिरियसही तुरुंगात तगला, कारण डिमेंटर लोकांना कुत्र्याच्या मनातलं नीट कळत नाही. म्हणजे मैत्रीतून आलेलं एकच कौशल्य, एकाने पळून जायला वापरलं आणि दुसऱ्याने वेडं न होता जगायला. रोलिंग यावर भाष्य करत बसत नाही. नुसतं ठेवून देते. म्हणून ती मला आवडते.

आणि अशा या मित्रांमध्ये, जेव्हा कुणीतरी फितूर आहे एवढंच कळलं, तेव्हा काय झालं? सिरियसला ल्यूपिनचा संशय आला आणि ल्यूपिनला सिरियसचा. दोघेही पूर्ण चुकले, आणि दोघांनीही आपला संशय बोलून दाखवला नाही. अदलाबदलीची गोष्ट ल्यूपिनला न सांगण्याचं कारणच ते होतं. पीटरवर कुणाचाच संशय गेला नाही, कारण त्याच्यात तेवढी धमक आहे असं कुणाला वाटलंच नाही. त्याला कमी लेखणं हेच त्याचं संरक्षण ठरलं.

सातव्या पुस्तकात हॅरी एकदा ठामपणे म्हणतो की या खोलीतल्या कुणीही मला दगा दिला असेल असं मी मानणार नाही. तेव्हा ल्यूपिन त्याच्याकडे जवळजवळ कीव आल्यासारखा बघतो. त्याच्या मते हॅरी अगदी जेम्ससारखाच, मित्रांवर संशय घेणं म्हणजे अप्रतिष्ठा समजणारा. जेम्स मेला तो मित्रांवर विश्वास ठेवल्यामुळे, असं ल्यूपिनचं गणित दिसतं. मला ते अर्धंच बरोबर वाटतं. जेम्सचा विश्वास नडला हे खरं. पण सिरियसने ल्यूपिनवर ठेवलेला अविश्वास तितकाच नडला. त्याने एका वाक्यात ल्यूपिनला अदलाबदल सांगितली असती तर निदान बारा वर्षांचा तुरुंगवास टळला असता. शिवाय त्या दिवशी खोलीतल्या कुणीच हॅरीला दगा दिलेला नव्हता. हॅरीचं म्हणणं शब्दशः खरं होतं! बातमी फोडणारा खोलीबाहेर होता, तो कोण ते पुढे येईलच.

थडग्यावरच्या तारखा सातव्या पुस्तकात दिल्यात. जेम्स आणि लिली दोघांचा जन्म १९६० चा. म्हणजे मेले तेव्हा दोघं एकवीस वर्षांचे. सिरियस, ल्यूपिन, पीटर त्यांच्याच वर्गातले, त्याच वयाचे. आपल्याकडे फायनल इयरला असतात तेवढी ही पोरं. सिनेमात या सगळ्या पिढीला चाळिशी-पन्नाशीचे नट घेतल्यामुळे हे लक्षातच येत नाही. एकविसाव्या वर्षी आपल्या ग्रुपमध्ये कुणीतरी गडबड करतंय असा वास आला, तर आपण काय करतो हे आठवून बघा. होस्टेलवर कुणाचे पैसे गेले की समोरासमोर विचारणारा एखादाच. बाकी सगळे दुसऱ्या रूममध्ये दार लावून कुजबुजतात, आणि संशयही बहुतेक वेळा त्याच्यावरच जातो जो आधीपासून थोडा वेगळा असतो. ल्यूपिनवर संशय का आला याचं कारण रोलिंग देत नाही. तो नरलांडगा होता, एवढंच आपल्याला माहीत आहे.

पण ल्यूपिनही धुतल्या तांदळासारखा नाही हं. तिसऱ्या पुस्तकात तो हॉगवर्ट्समध्ये मास्तर म्हणून येतो. सिरियस सुटलाय, शाळेत शिरतोय, आणि तो कुत्र्याचं रूप घेऊ शकतो हे फक्त ल्यूपिनला माहीत आहे. वर्षभर तो हे डम्बलडोरना सांगत नाही. का? कारण मग शाळेत असताना आपण डम्बलडोरांचा विश्वास मोडला होता हे कबूल करावं लागलं असतं. नरलांडगा असूनही ज्या माणसाने आपल्याला शाळेत घेतलं, नोकरी दिली, त्याच्या नजरेतून उतरायची भीती! सिरियस खुनी आहे अशी खात्री असतानाही तो गप्प बसला. इतका भला, समंजस माणूस, आणि विश्वास गमावण्याच्या भीतीने त्याने शाळाभर पोरांचा जीव टांगणीला लावला.

तोच डाव दुसऱ्यांदा

तिसऱ्या पुस्तकाची खरी करामत मात्र पुढेच आहे. मोठ्यांची ही गोष्ट आपल्याला शेवटी कळते. त्याआधी वर्षभर तीच गोष्ट हॅरी, रॉन आणि हर्मायनी या तिघांत छोट्या आकारात घडत असते.

नाताळात हॅरीला फायरबोल्ट हा महागडा झाडू निनावी भेट येतो. हर्मायनी म्हणते हा सिरियसने पाठवलेला असणार, आणि थेट मॅकगोनागल मॅडमना सांगून टाकते. झाडू तपासणीसाठी जप्त! झालं, दोघांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मग रॉनचा म्हातारा उंदीर स्कॅबर्स नाहीसा होतो. चादरीवर रक्त, जमिनीवर हर्मायनीच्या मांजराचे, क्रुकशँक्सचे, केस. ते मांजर पहिल्या दिवसापासून त्या उंदरावर टपून होतं. रॉनच्या दृष्टीने निकाल लागला. मैत्री संपल्यात जमा. बिचारी हर्मायनी टाइम-टर्नर घेऊन एकाच वेळी दोन-तीन तासांना हजर राहत होती (आपल्याकडे हे काम प्रॉक्सीवर भागतं), वर हॅग्रिडला त्याच्या खटल्यात मदत करत होती, आणि तिच्याशी बोलायला कुणी नाही. शेवटी हॅग्रिड पोरांना घरी बोलावून त्यांची कानउघाडणी करतो, की झाडू आणि उंदीर यांच्यापेक्षा मैत्रीण मोठी असं तुम्हाला वाटेल अशी माझी समजूत होती.

आता निकाल बघा. झाडू खरोखरच सिरियसने पाठवला होता. हर्मायनीचा अंदाज शंभर टक्के बरोबर, पण हेतू चुकला, कारण त्याने तो मायेने पाठवला होता. मांजर खरोखरच उंदरावर टपून होतं. रॉनही बरोबर! पण मांजराने ओळखलं होतं की हा उंदीर नाही, आणि ते त्याला सिरियसकडे न्यायला बघत होतं. जर्नलमध्ये सर लाल पेनने लिहितात तसं, ऑब्झर्व्हेशन बरोबर, कन्क्लूजन चूक. आणि चादरीवरचं रक्त? ते उंदराने स्वतःच सांडलं होतं. १९८१ साली रस्त्यावर बोट टाकून पळाला, यावेळी चादरीवर रक्त टाकून. थोडासा पुरावा, गायब देह, आणि जवळपास असा कुणीतरी ज्याच्यावर लोकांचा राग आधीच आहे. एकच फॉर्म्युला, दोनदा वापरला, दोन्ही वेळा चालला. पहिल्यांदा त्याने एक माणूस तुरुंगात गेला आणि दुसऱ्यांदा एक मांजर बदनाम झालं.

फरक एवढाच की तेरा-चौदा वर्षांच्या या पोरांचं भांडण मिटलं. हर्मायनी रडत हॅग्रिडच्या खटल्याची बातमी घेऊन आली आणि रॉनने झाडू-उंदीर सगळं विसरून मदत करतो म्हणून सांगितलं. उंदीर मेला की जिवंत हे कळायच्या आधीच! मोठ्यांना तेवढं जमलं नाही.

मोठ्यांची भेट होते ती बारा वर्षांनी, पडक्या झोपडीत. ल्यूपिनने नकाशावर पीटरचं नाव चालताना पाहिलेलं असतं. (हा नकाशा या चौघांनीच बनवला होता, हे २००४ च्या सिनेमात सांगितलेलंच नाही. कसा काय कापला हा भाग, देव जाणे.) तो आत येतो, सिरियसकडे बघतो, दोन-तीन प्रश्न विचारतो आणि त्याला मिठी मारतो. मग थोड्या वेळाने सिरियस माफी मागतो, तुझ्यावर संशय घेतला म्हणून. ल्यूपिन म्हणतो त्यात काही नाही, आणि उलट तोही माफी मागतो, मीही तुझ्यावर घेतला म्हणून. बाह्या सरसावता सरसावता, दोन ओळींत आटपतं सगळं. बारा वर्षांचा हिशोब दोन ओळींत! इतकंच बोलायचं होतं, तर ते १९८१ साली का बोलले नाहीत, हा प्रश्न पुस्तक आपल्यावर सोडून देतं.

केस नंबर दोन

याच झोपडीत दार उघडून स्नेप येतो. तो काहीही ऐकून घेत नाही. ल्यूपिन समजावतो, हर्मायनी काकुळतीला येते, पण याला सिरियसला डिमेंटरांच्या तोंडी द्यायचंच असतं. पहिल्यांदा वाचताना स्नेप इथे सरळसरळ खलनायक वाटतो. शाळेतला जुना राग काढतोय, बस. राग होताही तसा. सोळाव्या वर्षी सिरियसने थट्टा म्हणून त्याला नरलांडगा असलेल्या भुयाराकडे पाठवलं होतं. जेम्सने ओढून काढलं म्हणून वाचला. सिरियसला त्याचं कधी फारसं वाईटही वाटलं नाही. (सिरियसचे फॅन या मुद्द्यावर नेहमी विषय बदलतात!)

पण २००७ चं सातवं पुस्तक वाचून मग हे प्रकरण पुन्हा वाचा. स्नेपचं लहानपणापासून लिलीवर प्रेम होतं. आणि त्याच्या समजुतीप्रमाणे लिलीचा घात करणारा माणूस त्याच्यासमोर उभा आहे. शिवाय ज्या भविष्यवाणीमुळे व्होल्डेमॉर्ट लिलीच्या घरापर्यंत पोचला, ती त्याच्या कानावर घालणारा स्नेप स्वतःच होता, हे ओझंही आत आहेच. त्या रात्री त्याला सिरियस निर्दोष असणं परवडणारंच नव्हतं. ज्याच्याबद्दल सगळ्यांचा गैरसमज आहे असा एक माणूस, त्याच्याइतकाच गैरसमजाचा बळी असलेल्या दुसऱ्या माणसाचं ऐकून घ्यायला तयार नाही. आपल्यावर अन्याय झाला की आपण आपोआप न्यायी होतो, असं आपल्याला वाटतं. रोलिंगला तसं वाटत नाही.

लिहिताना एक गंमत लक्षात आली. डम्बलडोरना मी आपोआप 'ते' म्हणतोय आणि स्नेपला 'तो'. दोघेही मास्तरच की! इंग्रजीत दोघांनाही एकच सर्वनाम, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. मराठीत मात्र वाक्य सुरू करायच्या आधीच निकाल द्यावा लागतो.

पहिल्या पुस्तकापासून हेच चाललंय. तिथे तिघं पोरं वर्षभर स्नेपच्या मागे असतात, कारण तो दिसतो खडूस, बोलतो कडू. खरा चोर निघतो तो तोतऱ्या, घाबरट क्विरेल. स्नेप तर हॅरीला वाचवत होता. पाचव्या पुस्तकात (२००३) पुन्हा तेच. सिरियस संकटात आहे असं वाटून हॅरी स्नेपला सांकेतिक शब्दांत सांगतो, स्नेप काहीच न कळल्यासारखा चेहरा करतो. प्रत्यक्षात तो जाऊन सिरियसची चौकशी करतो आणि बाकीच्यांना कळवतो. मदत पोचली ती त्याच्यामुळे. पण सिरियस त्या लढाईत मारला जातो आणि हॅरी दोष देतो स्नेपला.

मग २००५ चं सहावं पुस्तक. स्नेप डम्बलडोरना मारतो. पुढची दोन वर्षं जगभरचे वाचक दोन पार्ट्यांत वाटले गेले होते. स्नेप चांगला की वाईट? याच पुस्तकात ल्यूपिनचं एक म्हणणं आहे, आणि कॉम्प्युटरवाल्यांनी ते नीट ऐकावं. तो म्हणतो की मला स्नेप आवडतही नाही आणि मी त्याचा द्वेषही करत नाही. डम्बलडोरांचा त्याच्यावर विश्वास आहे, माझा डम्बलडोरांवर आहे, म्हणून माझा स्नेपवर आहे. हे तर अगदी ब्राउझरच्या सर्टिफिकेटसारखं झालं! वेबसाइटची ओळख आपल्याला नसते. वरच्या एका रूट अथॉरिटीने शिक्का मारलाय म्हणून ब्राउझर ती चालवून घेतो. चेन ऑफ ट्रस्ट. आता कल्पना करा, त्या साखळीतल्या खालच्या माणसाने रूटलाच उडवलं. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी दवाखान्यात सगळे सुन्न बसलेले असतात. प्रत्येकजण म्हणतो, मलाही शंका यायची, पण डम्बलडोर म्हणायचे ना! स्नेपवर स्वतःचा असा विश्वास कुणाचाच नव्हता.

आणि डम्बलडोरांनी कारण का सांगितलं नाही? कारण स्नेपनेच त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, माझ्यातलं जे चांगलं आहे ते कुणालाही कळता कामा नये म्हणून. वाईट लपवणारी माणसं आपण रोज बघतो. चांगलं लपवण्यासाठी शपथ घालणारा हा एकच. ल्यूपिनच्या डोळ्यांदेखत हॅरीच्या प्रवासाची बातमी फुटली ना, ती फोडणारा खोलीबाहेरचा माणूस म्हणजे स्नेप, आणि तीही आधीच ठरलेल्या योजनेनुसार, व्होल्डेमॉर्टचा विश्वास टिकावा म्हणून. ल्यूपिनला हे मरेपर्यंत कळलं नाही.

मग स्नेप हिरो का?

इथे मी फॅन लोकांचा थोडा रोष ओढवून घेणार आहे. मराठी वाचकाला गैरसमज झालेला नायक म्हटलं की कर्ण आठवतो, आणि तोही शिवाजी सावंतांचा. 'मृत्युंजय' १९६७ साली आली आणि तेव्हापासून कर्णाविरुद्ध बोलायची सोय राहिली नाही. त्याच सुमारास इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये त्याच कर्णाकडे थंड डोक्याने बघितलं होतं. कर्णावर अन्याय झाला हे खरं, आणि भरसभेत द्रौपदीची विटंबना चालू असताना तो काय बोलला हेही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

स्नेपचंही तसंच. तेरा वर्षांच्या नेव्हिलला जगात सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, तर स्नेपची! त्याच्या आईवडिलांना छळून वेडं केलंय, आणि तरी याच्या भीतीचं रूप म्हणजे केमिस्ट्रीचा... आपलं, पोशन्सचा मास्तर. लिलीचा जीव वाचावा म्हणून स्नेप गयावया करत आला तेव्हा तिच्या नवऱ्याचं आणि तान्ह्या पोराचं काय होईल याची त्याला पर्वा नव्हती. डम्बलडोरांनाही त्याची किळस आली होती. लिलीशी मैत्री तुटली ती एका शिवीमुळे असं सगळे म्हणतात. खरं तर लिली कित्येक दिवस आपल्या मैत्रिणींसमोर त्याची बाजू सांभाळत होती, त्याच्या मित्रमंडळींकडे काणाडोळा करत होती. ती शिवी म्हणजे फक्त शेवटची काडी. त्याच्यावर विश्वास ठेवणारं माणूस त्याला मिळालं नाही असं नाही. मिळालं होतं, आणि त्याने ते घालवलं.

सिनेमात अॅलन रिकमनने हे सगळं मऊ केलं. पुस्तकातला स्नेप सुरुवातीला जेमतेम एकतिशीचा, चिडका, तेलकट केसांचा माणूस आहे. रिकमन पन्नाशी ओलांडलेले, आणि तो आवाज! २०१६ साली ते गेले तेव्हा हळहळलेल्यांपैकी कित्येकजण खरं तर स्नेपसाठी हळहळत होते. असो. माझ्या मते स्नेप शूर आहे, पराकोटीचा शूर. चांगला माणूस आहे का, तर नाही. सिरियसबद्दल जगाचा गैरसमज होता तो घटनेचा. त्याने खून केलाच नव्हता, पुरावा आला की विषय संपला. स्नेपबद्दलचा गैरसमज हेतूचा होता, आणि हेतू कळला तरी त्याने वर्गात पोरांना दिलेला छळ उरतोच. हॅरीने आपल्या मुलाचं नाव त्याच्यावरून ठेवलं. नेव्हिलला विचारलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे.

सिरियसच्या निर्दोषत्वाची सरकारी कबुली कधी येते माहितीये? सहाव्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात. फज नावाचा माजी मंत्री ब्रिटनच्या पंतप्रधानांशी बोलताना जाता जाता सांगतो की त्या ब्लॅकबद्दल आमची चूक झाली होती, तो निर्दोष निघाला. तोवर सिरियसला जाऊन काही दिवस झालेले असतात. सिरियस गेला तेव्हा त्याला स्नेपबद्दल खरं काय ते माहीत नव्हतं, आणि स्नेपने सिरियसकडे पुन्हा कधी नव्याने पाहिल्याचं पुस्तकात कुठे दिसत नाही.

तिसऱ्या पुस्तकाच्या अगदी शेवटी आगगाडीतला एक छोटा प्रसंग आहे, सिनेमात नसलेला. सुट्टी लागलीय, तिघं घरी चाललेत. सिरियसचं पत्र येतं. झाडू मीच पाठवला होता, असं त्यात लिहिलेलं असतं, आणि त्याची ऑर्डर पोचवायचं काम क्रुकशँक्सने केलं होतं! पत्र आणणारं इवलंसं घुबड रॉनने ठेवून घ्यावं, उंदीर माझ्यामुळे गेला ना, असंही तो लिहितो. रॉन त्या घुबडाकडे जरा संशयाने बघतो. एकदा पोळलेला माणूस. मग ज्या मांजराशी वर्षभर त्याचं हाडवैर होतं, त्या मांजरासमोर तो ते घुबड धरतो आणि हुंगायला लावतो. हे नक्की घुबडच आहे ना, असं त्याला विचारतो.

मांजर गुरगुरतं, खुशीत. तेवढ्यावर रॉन घुबड ठेवून घेतो.